१/२४ ट्रक मॉडेल: केबिन आणि हौद्यावरची साइड बिडिंग कशी बसवावी?

केळीवाला_सावदा | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही.

आमच्या अण्णांकडे टाटा १२१० एसई होता. सावद्याहून केळी भरून दिल्लीच्या आझादपूर मंडीत न्यायचे. ट्रक विकून पंचवीस वर्षं झाली. फोटो दोनच उरलेत: एक अगदी बाजूने काढलेला, दुसरा समोरून तिरका. त्या ट्रकचं १/२४ मापाचं मॉडेल मी गेल्या वर्षापासून करून राहिलो. किट मला मिळालं नाही, म्हणून सगळं पॉलिस्टायरीनच्या (स्टायरीन म्हणतात त्या प्लास्टिकच्या) शीटमधून कापलंय. केबिन १ मिलिमीटरच्या शीटची आहे. हौदा १७ फुटी, म्हणजे मॉडेलवर २१६ मिलिमीटर. फळ्यांच्या रेघा सुईने ओढल्यात.

आता बिडिंगवर, म्हणजे बाजूच्या शोभेच्या पट्टीवर, अडलोय. अण्णांच्या ट्रकला बॉनेटपासून दारावरून केबिनच्या मागच्या कडेपर्यंत ॲल्युमिनियमची दीड इंची अर्धगोल पट्टी होती. तिच्याच रेषेत पुढं हौद्यावर दोन इंची सपाट पट्टी, दर फुटाला एक स्क्रू. धुळ्याला बॉडी बांधली तेव्हा अण्णांनी हौसेने बसवून घेतली होती. संध्याकाळी ट्रक फैजपूरकडून वळला की आधी ती पट्टीच चमकायची, आणि आई ओट्यावरूनच सांगायची, "आले तुझे अण्णा." रंगाची छटा थोडी इकडेतिकडे झाली तर चालेल मला. पट्टी चुकली तर तो आमचा ट्रक राहणार नाही.

मागच्या मे महिन्यात कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून पट्टी केली आणि सुपरग्लूने चिकटवली. दुसऱ्या दिवशी पट्टीच्या वर-खाली लाल रंगावर पांढरं धुकं धरलेलं. ते घासून, पॉलिश करून काढलं. पण डिसेंबरात थंडी पडली आणि हौद्यावरची पट्टी मधोमध सुटून धनुष्यासारखी फुगली. दोन्ही टोकं मात्र घट्ट धरून होती. पुन्हा दाबून चिकटवायला गेलो तर पट्टी जागेत मावेना, जणू ती लांब झाली होती. शेवटी सगळी खरवडून काढली, हौद्याची एक बाजू परत रंगवावी लागणार.

पट्टी कशाची करू? कशाने चिकटवू? आणि केबिनपासून हौद्यापर्यंत एका रेषेत कशी आणू?

नंदुरबारी | रविवार, रात्री १०:१५

भाऊ, एक सुचतंय. जळगावची प्लास्टिकची चटई घे आणि तिची एक काडी सोडव. एकसारख्या रुंदीची, सरळ, पाहिजे तेवढी लांब. कापायची कटकटच नाही.

चटई_एमआयडीसी | सोमवार, सकाळी ७:०५

नंदुरबारी भाऊ, कल्पना छान आहे, पण चालणार नाही. मी चटईच्याच कारखान्यात आहे, दिवसभर ती काडी हातात असते. ती पॉलिप्रॉपिलीनची असते. तिला स्टायरीनचं सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा पातळ ग्लू, धरत नाही, सुपरग्लू वरवर धरतो आणि नखाने सुटतो. रंगसुद्धा पापुद्र्यासारखा निघून येतो.

आता केळीवाला भाऊंची पट्टी का फुगली ते सांगतो. ती लांब झाली नाही, खालचा हौदा आखडला.

उन्हाने सगळंच वाढतं आणि थंडीने आखडतं, पण पॉलिस्टायरीन ॲल्युमिनियमच्या साधारण तिप्पट वाढतं-आखडतं. तुमच्या २१६ मिलिमीटरच्या हौद्याचा हिशोब केला. मेच्या दुपारची खोली आणि डिसेंबरची पहाट यांत ३० अंशांचा फरक धरू, आपल्याकडे तेवढा सहज पडतो. स्टायरीन जवळजवळ ०.४५ मिलिमीटर आखडलं, ॲल्युमिनियम फक्त ०.१५. म्हणजे पट्टी ०.३ मिलिमीटर जास्तीची झाली. हा आकडा बारीक वाटतो, पण दोन्ही टोकं धरून ठेवलेली पट्टी तेवढ्या जास्तीनेही मधोमध काही मिलिमीटर वर येते. घरातली लोखंडी पट्टी दोन हातांत धरून टोकं किंचित आत दाबून बघा, मधला भाग किती उठतो ते लगेच कळेल. त्यात सुपरग्लू वाळला की काचेसारखा कडक होतो. त्याला ताण सोसवत नाही, तो तडकतो.

म्हणून पट्टी अंगाच्याच जातीची करा. स्टायरीनच्या हौद्यावर स्टायरीनचीच पट्टी, म्हणजे दोघं बरोबर वाढतील आणि बरोबर आखडतील. चमक वरून द्या.

आणि सनबोर्डाची पट्टी कापू नका. पाटीवाल्यांकडे मिळतो म्हणून बरेच जण घेतात. तो फुगवलेला पीव्हीसी असतो, स्टायरीनच्या सिमेंटने नीट जुळत नाही. घरात स्टायरीन ओळखायचं तर डब्याच्या तळाशी त्रिकोणातला आकडा बघा, ६ असेल तर पॉलिस्टायरीन.

केळीवाला_सावदा | सोमवार, दुपारी १:३०

भाऊ, वर्षभर मला वाटत होतं की माझाच हात कच्चा, मी ग्लू कमी लावला. आता कळलं. मनापासून आभार.

मग एव्हरग्रीन कंपनीची तयार स्टायरीनची अर्धगोल पट्टी मागवू का? दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर, भागिले २४ केले की १.६ येतात. त्यांच्यात १.० आणि १.५ आहे, मग एकदम २.०.

फिटरनाना_भुसावळ | सोमवार, रात्री ८:२०

१.५ घे. एक दशांश मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, पण २.० घेतलीस तर दार जड दिसेल. हौद्यासाठी सपाट पट्टी २.० रुंद आणि ०.२५ जाड. दोन इंचाचे २.१ होतात, तेही चालून जाईल. पट्ट्या ३५ सेंटिमीटर लांबीच्या येतात, तुझा हौदा एका तुकड्यात होतो. जोड देऊ नकोस.

आता रेषेबद्दल. मी भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको वर्कशॉपमध्ये फिटर होतो. आम्ही कुठलीही रेष हाताने मारत नसू. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, जॉब ठेवायचा, मार्किंग ब्लॉकचा स्क्रायबर (रेघ ओढायची सुई) पाहिजे त्या उंचीला कसायचा आणि ब्लॉक जॉबभोवती फिरवायचा. उंची बदलतच नाही, मग रेष चुकेल कशी?

घरी सरफेस प्लेट नसते, तर टीपॉयची काच घे. लाकडाच्या ठोकळ्यावर शिसपेन्सिल आडवी बांध. टोक ब्लेडने छिन्नीसारखं चपटं तास, गोल टोक झिजतं आणि रेष जाड होत जाते. गाडी काचेवर उभी कर, ठोकळा काचेला टेकवून बॉनेटपासून मागपर्यंत एका दमात फिरव. डावी-उजवी दोन्ही बाजू एकाच मांडणीत घे, मधे पेन्सिल सोडून चहाला जाऊ नकोस.

उंची फोटोवरून काढशील तेव्हा टायर माप म्हणून धर. ९.००-२० चा टायर बाहेरून बाहेर साधारण १ मीटर भरतो, म्हणजे मॉडेलवर ४२ मिलिमीटर. रिम धरू नकोस. २० इंच हे टायर बसतो तिथलं माप आहे, फोटोत दिसणारी रिमची कड त्याहून मोठी असते. बरेच जण तिथे फसतात. तिरक्या फोटोवरून तर काहीच मोजायचं नाही.

धुळे१८ | सोमवार, रात्री ११:५०

राम राम मंडळी. नाना, तुमची पद्धत सोळा आणे खरी, पण या कामात एक गोची शे. लहान तोंडी मोठा घास होईल, तरी सांगतो.

आमचं घर आग्रा रोडला, वडील आणि काका दोघंही बॉडी बांधायच्या कामात. मी लहानपणापासून पट्टी बसवताना पाहिलीय. मिस्त्री कधीच जमिनीपासून माप घेत नसे, तो चेसिसपासून घ्यायचा.

कारण असं की रिकामा ट्रक सरळ उभा नसतो. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मालाच्या हिशोबाने कडक असतात. माल नसला की मागची बाजू उचललेली, तोंड किंचित खाली. माल भरला की मागचं बसतं. पट्टी जमिनीला समांतर मारली तर माल भरल्यावर ती मागे उतरलेली दिसेल, आणि हौद्याच्या फळ्यांशीही तिचा मेळ बसणार नाही, कारण फळ्या चेसिसला धरून असतात. म्हणून चेसिसच्या वरच्या कडेपासून पुढे एक माप, मागे तेच माप, दोन खिळे, मधे सूत.

ते सूत अजून डोळ्यांपुढं आहे. गेरूच्या पाण्यात बुडवलेलं, काकांनी एका टोकाला अंगठ्याखाली दाबलेलं, दुसरं टोक माझ्या हातात. मिस्त्री मधे जाऊन दोन बोटांत धरून ओढायचा आणि सोडायचा. टप्प असा आवाज, आणि सतरा फुटांवर एकच लाल रेष. सूत नीट ताणलं नसेल तर रेष दोन दिसायच्या, मग तो पुसून परत मारायला लावायचा. केबिन आणि हौदा यांच्यामधल्या फटीवरूनही सूत तसंच जायचं, म्हणून दोन्हीकडची पट्टी एका ओळीत यायची. केबिन वेगळी हलते, हौदा वेगळा हलतो, पण उभ्या गाडीत ओळ एकच.

मॉडेल चाकांवर उभं करून मार्किंग ब्लॉक फिरवला आणि मागचे पाटे खऱ्यासारखे उचललेले असले, तर रेष हौद्यावर मागे जाता जाता खाली सरकत जाईल.

फिटरनाना_भुसावळ | मंगळवार, सकाळी ६:१०

धुळेकर, बरोबर बोललास. माझी चूक झाली. आम्हीही इंजिनाच्या फ्रेमवर डेटम, म्हणजे मापाचा आधार, धरत असू, चाकावर कधीच नाही, आणि मी सल्ला देताना तेच विसरलो.

केळीवाला, चाकं काढ. चेसिसच्या दोन लांब पट्ट्यांखाली सारख्या उंचीचे चार ठोकळे ठेव आणि चारही कोपऱ्यांची उंची काचेपासून मोजून बघ. कुठे फरक असेल तर कागदाची घडी सारून भर. मग ब्लॉक फिरव.

केळीवाला_सावदा | मंगळवार, रात्री ९:००

आज फोटो परत काढून पाहिला. बाजूच्या फोटोत ट्रक रिकामा आहे आणि पट्टी खरंच मागे चढत गेलेली दिसते. मी इतकी वर्षं समजत होतो की फोटोच तिरका काढलाय!

मॉडेल भरलेल्या ट्रकचंच करायचं ठरवलं, केळीच्या घडांसकट, कडेने केळीची पानं लावून. म्हणजे मागचे पाटे दाबलेले दाखवायला लागतील. पाटे अजून चिकटवले नाहीत, बरं झालं.

रंगरेषा_खिरोदा | बुधवार, दुपारी ३:२५

दादा, चमकेचं मी सांगते. मी छोट्या गाड्या रंगवते, बहुतेक १/२५ च्या अमेरिकन पिकअप. त्यांच्या अंगावर बाजूची पट्टी असतेच, त्यामुळे हे काम बरंच केलंय.

क्रोम पेनचा मोह आवरा. मोलोटोचं पेन लावल्या-लावल्या आरशासारखं दिसतं, पण त्यावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारला की चमक उतरते, आणि क्लिअर न मारता ठेवलं तर बोट लागून काळवंडतं. शिवाय तुमची पट्टी ॲल्युमिनियमची होती, क्रोमची नाही. तिला आरशाची चमक नको, जरा दुधी, मऊ चमक पाहिजे. त्याला बेअर मेटल फॉइल उत्तम, मागे चिकट असलेली अगदी पातळ पत्री.

क्रम असा ठेवा. स्टायरीनची पट्टी रंगाच्या आधी सिमेंटने चिकटवा. मग पट्टीसकट सगळ्यावर लाल रंग, ग्लॉस. तो पूर्ण वाळू द्या. मला घाई झाली की मी गाडी वाळत ठेवलेल्या डब्याचं झाकण उघडून वास घेते, वास येतोय तोवर रंग ओला. मग फॉइलची पट्टी बिडिंगपेक्षा दुप्पट रुंद कापा आणि मधल्या उंच भागावर आधी टेकवा. कानकाडीच्या कापसाने मधून बाहेर घासत जा, टोकाकडून घासलं तर सुरकुती पडते. नंतर टूथपिकचं टोक बोथट करून पट्टीच्या मुळाशी, जिथे ती दाराला मिळते त्या कोपऱ्यात, दाबत जा. तिथे एक बारीक सावलीची रेघ उठून दिसायला लागते. ब्लेड त्याच रेघेत चालवायचं, वजन न देता, फक्त फॉइल कापेल इतकंच.

ब्लेड मेडिकलमध्ये मिळतं, सर्जिकल ११ नंबर, त्याला ३ नंबरचा दांडा. एका बाजूच्या पट्टीला मी दोन नवी ब्लेडं लावते. टोक जरा बोथट झालं की फॉइल कापली न जाता फाटते, आणि फाटलेली कड जवळून लगेच कळते.

चटईवाले दादा म्हणतात तो वाढ-आखडीचा त्रास फॉइलला होत नाही. ती इतकी पातळ असते की खालच्या प्लास्टिकबरोबर ओढली जाते.

नंदुरबारी | बुधवार, सायंकाळी ६:४०

ताई, दाराच्या फटीपाशी काय करायचं? तिथे पट्टी तुटलेली पाहिजे ना? तीन तुकडे वेगवेगळे चिकटवले की माझे नेहमी वर-खाली होतात.

रंगरेषा_खिरोदा | बुधवार, रात्री ८:०५

तुकडे आधी करायचेच नाहीत. बॉनेटपासून केबिनच्या मागच्या कडेपर्यंत अखंड पट्टी चिकटवा, एक रात्र वाळू द्या, मग दाराच्या फटीवर बारीक करवतीने आरपार कापा. रेष आपोआप एक राहते. खऱ्या गाडीत तिथे चार-पाच मिलिमीटरची फट असते, म्हणजे मॉडेलवर ०.२. बारीक करवतीचा एक घाव तेवढाच पडतो.

फक्त सिमेंट लावताना फटीजवळ दोन मिलिमीटर कोरडं सोडा. पातळ सिमेंट फटीत धावतं, दाराची फट भरून टाकतं आणि मग ती परत कोरावी लागते. फॉइल मात्र कापल्यानंतरच लावा, आणि फटीत आत थोडी वळवा.

चटई_एमआयडीसी | बुधवार, रात्री ९:३०

ताईंच्या सिमेंटच्या मुद्द्यात एक भर. तामिया कंपनीचं एक्स्ट्रा थिन हे पातळ सिमेंट म्हणजे ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं. आपल्याकडे मेमध्ये दुपारी ४४-४५ अंश झाले की ते ब्रशवरच उडून जातं, पट्टीखाली शिरायला वेळच मिळत नाही. वरून चिकटल्यासारखं दिसतं आणि आत पोकळ. पहाटे पाच ते सात या वेळात करा, पंखा बंद ठेवून. खिडकी मात्र उघडी पाहिजे, वाफ नाकात नको.

सुपरग्लूचं पांढरं धुकं म्हणजे त्याचीच वाफ, हवेतल्या ओलाव्याशी जुळून बाजूला बसलेली. चकचकीत रंगाशेजारी तो वापरूच नये.

फिटरनाना_भुसावळ | गुरुवार, सकाळी ६:३०

आणि हौद्यावरचे स्क्रू. फूट म्हणजे मॉडेलवर १२.७ मिलिमीटर. पट्टी चिकटवण्याआधीच डिव्हायडर १२.७ ला उघडून खुणा चालवत जा. पट्टी कडक लाकडावर ठेवून बोथट सुईने हलका दाब दे, भोक पाडू नकोस. चिकटवल्यावर दाबशील तर खालची फळीही दबेल.

केळीवाला_सावदा | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:१०

झालं मंडळी. उजवी बाजू पूर्ण, डावी बाजू केबिनपर्यंत.

चाकं काढून चेसिस चार ठोकळ्यांवर घेतली. एका कोपऱ्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढा फरक निघाला. तो न मोजता रेष मारली असती तर मागे गेल्यावर नक्की कळला असता. पेन्सिल फिरवताना श्वास धरून होतो. रेष हौद्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या फळीच्या बरोबर मधोमध आली, फोटोत आहे तिथेच.

पहिल्या पट्टीला सिमेंट लावताना मी दोन्ही टोकं आधी धरून मधे गेलो आणि मधे पोट आलं. लगेच उचलली. दुसऱ्या वेळी पुढच्या टोकापासून तीन-तीन सेंटिमीटर सरकत गेलो, प्रत्येक ठिकाणी वीसपर्यंत मोजून. पहाटे साडेपाचला बसलो होतो, सात वाजता उठलो. दाराची फट ताईंनी सांगितल्याप्रमाणे नंतर कापली. पट्टी कुठे संपते आणि कुठे परत सुरू होते ते फक्त त्या काळ्या रेघेवरून कळतं, वर-खाली काही नाही.

फॉइलला माझे चार तुकडे वाया गेले. पाचवा बसला. दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि ती पट्टी दारावरून हौद्यापर्यंत एकदम चमकली, तेव्हा मी काम थांबवून नुसता बघत बसलो.

अण्णांना दाखवलं. त्यांना आता जवळचं कमी दिसतं, त्यांनी बोट फिरवून पाहिलं. बॉनेटपासून सावकाश मागे नेलं आणि हौद्याच्या मागच्या भागावर थांबले. म्हणाले, "इथली नवी होती. बिजासन घाटात एकाने घासली होती, तीन फूट बदलून घेतली." मला हे माहीतच नव्हतं. फोटो त्याच्या आधीचा असणार.

आता तो तीन फुटांचा तुकडा वेगळा दाखवायचाय. बाकी पट्टी जुनी, मळकी, तेवढीच नवी. कसं करू?

रंगरेषा_खिरोदा | रविवार, रात्री १०:४०

फॉइल काढू नका. तीन फूट म्हणजे मॉडेलवर ३८ मिलिमीटर, तेवढा भाग टेपने झाका. उरलेल्या पट्टीवर मॅट क्लिअरचा अगदी हलका हात द्या. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, ते राखाडी होऊन मंद पडतं, त्यामुळे तपकिरी रंग पट्टीवर नको. फक्त स्क्रूंच्या खळग्यांत पातळ तपकिरी सोडा, कारण स्क्रू लोखंडी. टेप काढल्यावर झाकलेला तुकडा आपोआप नवा दिसेल. तिथल्या स्क्रूंना तपकिरी लावू नका.

धुळे१८ | रविवार, रात्री ११:१५

भाऊ, मना एक शब्द ऐका. त्या तुकड्याचे दोन्ही जोड हौद्याच्या उभ्या खांबावर घ्या, मधे फळीवर नको. नुसत्या फळीत पट्टीच्या टोकाचा स्क्रू धरत नाही, हादऱ्याने ढिला होतो. आमचे मिस्त्री जोड नेहमी खांबावरच घ्यायचे. अण्णांना विचारून बघा, मागून कितव्या खांबापासून बदलली होती.

केळीवाला_सावदा | रविवार, रात्री ११:२०

सकाळी विचारतो. आत्ता झोपलेत ते.